एकवीस दिवसांचे टेकू

गेल्या वर्षी डिसेंबरात आमच्या शहापूरच्या घरावर वरचा मजला चढला. दादाचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं आणि खालच्या तीन खोल्यांत आजी, आई, आप्पा, दादा आणि मी असे पाच जण आधीच दाटीवाटीने राहत होतो. आप्पांनी शाळेच्या नोकरीतून निवृत्त होताना मिळालेली फंडाची रक्कम जपून ठेवली होती, ती काढली. मी सिव्हिल इंजिनिअर. चार वर्षं काँक्रीट तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते, म्हणजे रोज दुसऱ्यांच्या घरांचे क्यूब यंत्रात घालून फोडते. त्यामुळे घरात एकमताने ठरलं, "बांधकाम तू बघायचं."

ऐकायला बरं वाटलं. पण पहिला वाद सिमेंटच्या पोत्यावरूनच झाला.

स्लॅबसाठी मी दुकानदाराला स्लॅग सिमेंटची शंभर पोती सांगितली होती. टेम्पोतून पहिलं पोतं उतरलं तसं आमच्या मेस्त्रींनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "अक्का, हे प्लास्टरला ठीक हाय. स्लॅबला त्रेपन्न ग्रेडच पायजे. असलं भेसळीचं सिमेंट घालून कोण स्लॅब टाकतंय?" मेस्त्री तीस वर्षं घरं बांधताहेत. त्यांच्यासमोर माझी चार वर्षं म्हणजे काहीच नाही.

आप्पा त्या वेळी काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "बाळ, तू शिकलीस ते खरंच असेल. पण हा पैसा पुन्हा उभा राहणार नाही, एवढं लक्षात ठेव."

त्या रात्री मी वही घेऊन बसले. वर्गात आणि प्रयोगशाळेत जे माहीत होतं, ते घरच्यांना पटेल असं मांडायचं होतं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या बांधकाम निघेल, म्हणून तेच इथे लिहिते.

धूर नेमका कुठून येतो

काँक्रीट म्हणजे खडी, वाळू, पाणी आणि सिमेंट. वजनात सिमेंट जेमतेम सातवा-आठवा हिस्सा असतं. पण काँक्रीटमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा बहुतेक भाग या एवढ्याशा हिश्श्यातून येतो. सिमेंटचा जीव म्हणजे क्लिंकर. चुनखडी आणि माती एकत्र दळून लांबलचक फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की काळसर गोळे तयार होतात. तेच क्लिंकर. ते थोड्या जिप्समबरोबर बारीक दळलं की झालं साधं पोर्टलँड सिमेंट, दुकानाच्या भाषेत ओपीसी.

एवढी मोठी भट्टी पेटवायची म्हणजे कोळसा लागणार आणि कोळसा म्हटलं की धूर आलाच, असं आपल्याला वाटतं. ते खरं आहे, पण अर्धंच. मोठा वाटा इंधनाचा नाही, चुनखडीचा आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. तो दगडातच बांधलेला असतो. उद्या भट्टी कोळशाऐवजी दुसऱ्या कशावरही चालवली तरी हा वायू निघणारच. क्लिंकरमुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात याचा वाटा साधारण ६० टक्के आहे.

जगात दरवर्षी सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होतं आणि माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के त्यातून येतो. विमानप्रवासाचा वाटा याच्या निम्म्याहूनही कमी आहे. उत्पादनात पहिला नंबर चीनचा आणि दुसरा आपला. आपल्याकडे अजून पुष्कळ घरं, पूल, शाळा, दवाखाने बांधायचे आहेत. "बांधूच नका" असं कोणी कोणाला सांगू शकत नाही. मग हातात उरतं एकच, पोत्यातलं क्लिंकर कमी करायचं.

पोत्यावर काय लिहिलंय

त्यासाठी परदेशातून काही आणावं लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात तीन प्रकारची पोती असतात, फक्त आपण वाचत नाही. ओपीसीमध्ये जवळजवळ सगळं क्लिंकरच असतं. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली बारीक राख असते. आपल्या भागात ती रायचूर किंवा विजापूर जिल्ह्यातल्या कुडगीसारख्या केंद्रांतून मिळू शकते. पीएससी म्हणजे स्लॅग सिमेंट. त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग चालतो. पोलाद कारखान्यात लोखंड वितळवताना वर जी मळी येते, ती पाण्याच्या फवाऱ्याखाली एकदम थंड केली की काचेसारखे दाणे होतात. तेच दळून सिमेंटमध्ये घालतात. बळ्ळारी जिल्ह्यात तोरणगल्लूला एवढा मोठा पोलाद कारखाना असल्यामुळे बेळगावात आणि गोव्यात हे सिमेंट सहज मिळतं.

ही भेसळ नाही. ओपीसी आणि पाणी एकत्र आले की सिमेंटचा चिकटा तयार होतो आणि त्याबरोबर थोडा चुनाही सुटतो. हा चुना एरवी काँक्रीटमध्ये नुसता पडून राहतो. राख आणि स्लॅग यांच्यातलं सिलिका त्या चुन्याशी हळूहळू संयोग पावतं आणि आणखी चिकटा बनवतं. बारीक भोकं बुजतात, काँक्रीट घट्ट होतं, पाणी आणि मीठ आत शिरायला वाट कमी मिळते. म्हणून समुद्राकाठी स्लॅग सिमेंट मुद्दाम वापरतात. खाऱ्या हवेत सळ्या गंजून छज्जाचे पापुद्रे सुटलेले गोव्यातल्या नातेवाइकांकडे तुम्ही पाहिलेच असतील.

मेस्त्रींच्या "त्रेपन्न"चाही हिशेब वहीत मांडला. ५३ ग्रेड म्हणजे त्या सिमेंटचा ठरावीक पद्धतीने केलेला ठोकळा २८ दिवसांनी निदान ५३ मेगापास्कल दाब सोसतो. पीपीसी आणि पीएससीला मानकातली किमान मर्यादा ३३ आहे, प्रत्यक्षात चांगल्या कंपनीचं सिमेंट त्याच्या बरंच वर जातं. पण हा आकडा सिमेंटचा आहे, तुमच्या स्लॅबचा नाही. आमचा स्लॅब एम २५ चा होता. स्लॅबची ताकद ठरते ती मुख्यतः पाणी किती घातलं त्यावर. त्रेपन्न ग्रेड आणून मिश्रण सैल व्हावं म्हणून बादलीभर पाणी जास्त ओतलं, तर पोत्यावरचा आकडा पोत्यावरच राहतो. राखेवर विश्वास नसेल त्यांनी घाटघरची धरणं आठवावीत. भारतातल्या पहिल्या रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटच्या या धरणांत सिमेंटच्या निम्म्याहून अधिक जागी फ्लाय अॅश आहे.

शेवटी आमच्या शंभर पोत्यांचं गणित. शंभर पोती म्हणजे ५ टन. ओपीसी वापरलं असतं तर ढोबळमानाने सव्वाचार टन कार्बन डायऑक्साइड. निम्मा स्लॅग असलेल्या सिमेंटमुळे त्यातला जवळपास २ टन वाचणार होता. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो वायू निघतो. दादाची मोटारसायकल लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरलं, तर २ टनांत त्याच्या बेळगाव-पुणे जाऊन-येऊन पन्नासच्या वर खेपा होतात. दादा म्हणाला, "म्हणजे मी सात-आठ वर्षं पुण्याला गेलो नाही तर एक स्लॅब फिटणार!"

आप्पा हसले. म्हणाले, "मागव तुझं सिमेंट. पण मेस्त्रींना नीट समजावून सांग. नुसती ऑर्डर देऊ नको."

मी मेस्त्रींना समजावलं. सेंट्रिंगवाल्यांना मात्र काहीच सांगितलं नाही, आणि तिथेच चुकले.

सातवा दिवस

स्लॅग सिमेंटचा एक स्वभाव आहे, ते सावकाश जोर धरतं. थंडीत आणखी सावकाश. डिसेंबरातली बेळगावची रात्र तुम्हाला माहीतच आहे. ओपीसीच्या स्लॅबला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवसांनी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवसांनी काढायला आपलं मानक परवानगी देतं. दुसऱ्या सिमेंटसाठी आणि थंडीसाठी ही मुदत वाढवायची, असंही त्यातच सांगितलेलं आहे. मी मनाशी स्लॅबला चौदा आणि बीमना एकवीस दिवस धरले होते.

पाणी मारण्याचंही तसंच. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, राख किंवा स्लॅग असेल तर निदान दहा, आणि हवा कोरडी असेल तर चौदा. आम्ही स्लॅबवर बारीक पाळी घालून वाफे केले आणि पाणी भरलं. सकाळ-संध्याकाळ आप्पा जिना चढून बघायचे. चौथ्या दिवशी मात्र आम्ही सगळे कोल्हापूरला लग्नाला गेलो आणि रात्री तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत येऊन बघते तो उत्तरेकडच्या कोपऱ्यातली पाळ फुटून तिथलं पाणी वाहून गेलेलं. तो वाफा जवळजवळ दीड दिवस कोरडा राहिला होता. वाकून पाहिलं तर केसासारख्या तीन-चार चिरा.

जे सिमेंट सावकाश जोर धरतं, त्याला पाणी जास्त दिवस लागतं. पाणी तुटलं की पुढची क्रिया थांबते आणि वरचा थर कच्चा राहतो. वर्षांनंतर त्याच थरातून हवा आणि ओल सळ्यांपर्यंत पोचते. हे मी इतरांना शिकवत होते आणि माझ्याच घरावर एक माणूस ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

सातव्या दिवशी प्रयोगशाळेत आमचे क्यूब फोडले. मीच यंत्र चालवलं, मीच आकडा वाचला. सरासरी १५. ओपीसीचे असते तर १७-१८ तरी आले असते. मला अपेक्षा होती तीच, तरी यंत्राच्या काट्याकडे बघताना पोटात गोळा आला. दुसऱ्यांच्या घराचा क्यूब आणि आपल्या घराचा क्यूब यात केवढा फरक असतो, ते त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी घरी आले तर सेंट्रिंगवाले दारात उभे. "ताई, उद्या प्लेटा काढतो. अनगोळला दुसरा स्लॅब हाय, तिथं शब्द दिलाय." मी म्हटलं, अजून आठवडाभर टेकू हलवायचे नाहीत, बीमखालचे तर दोन आठवडे. ते चिडले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. भाडं सात दिवसांचं ठरलेलं. मी आधी सांगितलं असतं तर त्यांनी दुसरीकडची तारीख पुढे घेतली असती. मेस्त्री बाजूला उभे होते. "मी म्हणालो होतो त्रेपन्न घ्या," एवढंच बोलले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आप्पांकडे. आप्पांनी विचारलं, "पंधरा म्हणजे नापास काय?"

"नाही. अठ्ठावीस दिवसांनी पंचवीसच्या वर पाहिजे. जाईल."

"नक्की?"

"पाणी मारलं आणि टेकू ठेवले तर नक्की."

आप्पा सेंट्रिंगवाल्यांना म्हणाले, "जास्तीचं भाडं मी देतो. ठेवा तुमचे टेकू. चूक आमची आहे, आधी सांगायला हवं होतं." आजी आतून ओरडली, "कुंदा करायला दूध आटवत बसावं लागतंय. घाई केली तर तळाला लागतंय, एवढं पण कळत नाही होय तुम्हाला?" सेंट्रिंगवाल्यांनासुद्धा हसू आलं. त्यांनी थोड्या प्लेटा दुसरीकडून मागवल्या आणि आमचे टेकू राहिले.

अठ्ठाविसाव्या दिवशी उरलेले क्यूब फोडले. सरासरी ३०. मी मेस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं, अक्का." पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या एका कामासाठी विचारलं, "ते स्लॅगवालं किती दिवस ठेवायचं म्हणालात?"

पैशांचाही खरा हिशेब सांगते. सिमेंट पोत्यामागे वीस रुपयांनी स्वस्त मिळालं, म्हणजे दोन हजार वाचले. सेंट्रिंगच्या जास्तीच्या भाड्यात त्याहून अधिक गेले. आधी बोलणी केली असती तर ते कमी झाले असते. एवढ्या मोठ्या खर्चात ती रक्कम फार नव्हती, पण "पर्यावरणाचं केलं की पैसे वाचतातच" असं मी म्हणणार नाही.

चुना, सुरखी आणि भाजलेली माती

राख आणि स्लॅग यांनाही मर्यादा आहे. जगातला चांगला स्लॅग बहुतेक आधीच वापरला जातो आणि उद्या कोळशाची वीज कमी झाली की राखही कमी होणार, व्हायलाच हवी. मग पुढे काय?

याचं एक उत्तर आपल्या जुन्या वाड्यांत आहे. आजीचं माहेर चुन्यात बांधलेलं होतं. चुन्याच्या घाणीत बैल फिरवून चुना मळायचे आणि त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड घालायचे. ती नुसती भर नव्हती. भाजलेली माती चुन्याशी संयोग पावते आणि मग चुना ओलाव्यातही टिकतो. रोमन लोक हेच काम ज्वालामुखीच्या राखेकडून करून घ्यायचे. नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावच्या राखेवरून "पोझोलाना" हा शब्द आला, आणि पीपीसीतला मधला "पी" तोच आहे.

याच तत्त्वावर आता नवं सिमेंट आलं आहे, एलसी-३. त्यात साधारण निम्मं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेल्या चुनखडीची पूड आणि बाकी जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली तरी पुरते, क्लिंकरसारखे १४५० लागत नाहीत. आणि मातीत चुनखडीसारखा कार्बन डायऑक्साइड बांधलेला नसतो, तिच्यातून उडतं ते मुख्यतः पाणी. एकूण उत्सर्जन ओपीसीपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत कमी होतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या प्राध्यापक कॅरेन स्क्रिव्हेनर, क्युबातले फर्नांदो मार्तिरेना आणि आपल्याकडच्या दिल्ली, मद्रास आणि मुंबई आयआयटीतले संशोधक यांनी मिळून यावर अनेक वर्षं काम केलं. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये त्यासाठी आयएस १८१८९ हे मानकही काढलं.

खानापूरच्या भट्ट्यांतली कौलं आणि मडकी आपण लहानपणापासून पाहतो. माती भाजणं आपल्याला नवं नाही. अर्थात कुठलीही माती चालत नाही, तिच्यात केओलिन नावाचं खनिज पुरेसं लागतं. पण अगदी पांढरीशुभ्र, चिनी मातीची भांडी होतील इतकी शुद्ध माती लागत नाही. खाणीत टाकून दिलेली माती चालू शकते, हेच त्याचं मोल आहे.

तुमच्या घरी बांधकाम निघालं तर

सगळ्यात आधी विचारा, पाडायलाच हवं का? आम्ही खालचं घर ठेवलं. पाया आणि कॉलम तपासून घेतले आणि वर चढलो. जे काँक्रीट ओतावंच लागलं नाही, त्याचा धूर शून्य.

दुकानात "सिमेंट द्या" म्हणू नका. पीपीसी की पीएससी ते विचारा, पोत्यावरचा आयएसआय शिक्का आणि उत्पादनाचा आठवडा वाचा. जुनं पोतं घेऊ नका.

मेस्त्री, सेंट्रिंगवाले आणि घरचे यांना एकाच दिवशी बसवून टेकू किती दिवस राहणार ते सांगा. कागदावर लिहा. मी लिहिलं नव्हतं.

मिश्रणात पाणी मोजून घाला आणि स्लॅबवर न मोजता घाला. चौदा दिवस. त्या दिवसांत गावात कुणाचं लग्न असलं तरी एक जण घरी थांबवा. आणि क्यूब भरून घ्या. सात दिवसांचा आकडा बघून घाबरू नका, अठ्ठावीस दिवसांच्या आकड्याची वाट बघा.

उत्तरेच्या कोपऱ्यातल्या चिरा आम्ही साफ करून ग्राउट भरून बुजवल्या आणि वरून वॉटरप्रूफिंग केलं. माझ्या वरिष्ठांनी येऊन हातोडीने ठोकून पाहिलं, दगावलेलं काही नाही म्हणाले. मे महिन्यात दादाचं लग्न झालं आणि वहिनी वरच्या मजल्यावर राहायला आली. जूनपासून बेळगावचा पाऊस सुरू झाला. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मी टॉर्च घेऊन वर गेले, तर आप्पा आधीच तिथे उभे होते, छताच्या त्या कोपऱ्यावर उजेड टाकून.

कोपरा कोरडा होता. आम्ही दोघं थोडा वेळ तसेच बघत राहिलो. मग आप्पा म्हणाले, "पुढच्या पावसात पण बघू." आणि आम्ही खाली आलो.